नग एक

जॉबकार्ड नव्हतंच. हेरंब बहिरट थेट लेथपाशी आला,
म्हणाला, काका, एक नळी हवी. पितळेची.
करंगळीत घालून तारांवरून घसरवायची.
ड्रॉइंग कुठंय? तर म्हणे, हे बोटच ड्रॉइंग.
व्हर्नियर लावला. सोळा पूर्णांक चार.
बोअर सतरा धरला, भिंत तीन, लांबी साठ,
आतून कड मारली, कातडी सोलू नये म्हणून,
बाहेरून आरसा.

अठ्ठावीस वर्षं भोसरीत बुश काढतोय.
त्यातला एकही पुन्हा दिसला नाही.
कुठल्या पंपात गेला, कुठल्या ट्रकखाली फिरतोय,
कोण सांगणार.
या नळीनं मात्र बोलावणं पाठवलं.

गुरुवारी एमआयडीसी झोपते.
बंद शेडमध्ये तीन गिटारी, लग्नातला एक कीबोर्ड,
ड्रमवर प्रज्योत सोनकांबळे, एरवी बेंजो पार्टीत असतो.
कॅम्पातले डॉमनिक मस्कारेन्हस, वय सदुसष्ट,
एकोणऐंशी साली हेच वाजवायचे,
मग स्कूटरच्या पहिल्या हप्त्यात गिटार गेली.
आता पोरांच्या फोनवर तेच सूर सापडले
आणि पोरांना डॉमनिक.

सदर्न रॉक म्हणतात. म्हणजे दक्षिणेचं.
कुणाच्या दक्षिणेचं?
आमची दक्षिण कात्रजच्या बोगद्यापलीकडे निघते
आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्याला खोळंबते.
यांच्या दक्षिणेत दलदल, मालगाड्या, कापूस.
कापूस म्हटल्यावर प्रज्योतनं मान वर केली.
त्याची आई परभणीकडे वेचणीला जायची,
बोंडांनी चिरलेली बोटं घेऊन भाकरी थापायची.

अश्लेषा गाते. दिवसा डायलिसिस वॉर्डात असते.
शब्द इंग्रजी, हेल इंदापूरचा.
डॉमनिक म्हणतात, तो घालवू नकोस गं,
तिथलेही असंच ओढून बोलतात.

बाहेरचा ट्रान्सफॉर्मर सतत घुमतो,
सुरापेक्षा केसभर चढा.
दोन गुरुवार वैतागले,
तिसऱ्या गुरुवारी सगळ्यांनी तारा त्यालाच मिळवल्या.

मग हेरंबनं टी-शर्ट आणले. बारा.
पाठीवर तांबडा झेंडा, निळी फुली, तारे.
जुन्या सगळ्या पोस्टरवर असायचा म्हणे.
प्रज्योतनं काठ्या मांडीवर ठेवल्या.
हा झेंडा घेऊन कोण लढलं, कशासाठी, वाचलंस?
माणसं विकता यावीत म्हणून.
अरे, नुसतं डिझाइन आहे.
हो, डिझाइनच असतं.
गावकुसाचंही डिझाइनच होतं.

ट्रान्सफॉर्मर तेवढा बोलत राहिला.
डॉमनिककाका बॅगेची चेन उघडमीट करत होते.
शेवटी म्हणाले, आम्ही तेव्हा स्टेजमागं लावला होता.
मोठा. बेडशीटएवढा.
तेव्हा कुणी विचारलंच नाही.
आम्हीही नाही.

हेरंब काही बोलला नाही.
टी-शर्टचा गठ्ठा माझ्या लेथपाशी ठेवून गेला.
कॉटन वेस्ट आमच्याकडे कायमच कमी पडतं.
पहिल्यानं मी चकवरचं तेल पुसलं.
चांगलं शोषतं. शेवटी कापूसच.

मुंढव्यात वाजवलं. तेवीस माणसं, एक बाउन्सर.
निम्मी मोबाइलमध्ये, मी कोपऱ्यात, चहा मिळत नाही तिथं.
आणि मग ती नळी तारेवर टेकली.
कसं सांगू. कोरडं टूल पितळेवर घसटतं
तेव्हा एक किंकाळी निघते,
ती ऐकली की आम्ही मशीन बंद करतो.
हेरंबनं ती बंद केली नाही.
खाली आणली, हलवत हलवत,
रडणाऱ्या मुलाला पायरीपायरीनं जिना उतरवावं तशी.
तिन्ही गिटारी धावल्या तिच्या मागं.
प्रज्योत डोळे मिटून मारत होता,
मध्येच दोन मात्रा जयंतीच्या मिरवणुकीतल्या.
बाउन्सरचा पाय हलला. मी पाहिलं.

शुक्रवारी पुन्हा बुश. नग चारशे.
दुपारी हेरंब आला. काका, दुसरी हवी, जरा जड.
मापं तीच?
नाही, म्हणाला, बोट सुजलंय.
व्हर्नियर उघडला.
सोळा पूर्णांक सात.